बासष्टच्या बासष्ट

मोजणी बरोबर आली, आणि हिलेला नेमके तेच नको होते.

एकतीसपासून एकोणचाळीसपर्यंतची नऊ चित्रे तिने पुन्हा मोजली, मग आणखी एकदा. आपलेच चुकले असावे अशा आशेने मोजण्याची वेळ छत्तीस वर्षांच्या नोकरीत तिच्यावर प्रथमच आली होती. जुन्या ग्रंथांच्या माणसाला धास्ती असते ती कमी भरण्याची; सूचीत बासष्ट लिहिलेली असावीत आणि हाताला एकसष्ट लागावीत, की त्याची झोप उडते. इथे बासष्टच्या बासष्ट भरली होती. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेली, हाताने रंगवलेली, साडेतीनशे वर्षांत फिकी न पडलेली.

स्पार्ने नदीवरून येणाऱ्या नोव्हेंबरच्या करड्या उजेडात तिने एकतिसावे चित्र खिडकीशी उभे धरले. मागून उजेड आला तसा खालच्या समासात मसुराएवढा एक गडद ठिपका दिसू लागला. कसरीने पाडलेले भोक होते ते, कागदाचा लगदा भरून कुणा निष्णात हाताने बुजवलेले. बत्तिसाव्यात तेच, त्याच जागी, किंचित लहान. एकोणचाळिसाव्यात टाचणीच्या टोकाएवढे. आणि या चित्रांच्या अधल्यामधल्या मजकुराच्या पानांना भोक सोडाच, ओरखडासुद्धा नव्हता. कीड कितीही विद्वान असली तरी मधली चार पाने सोडून उडी मारीत नाही.

हे भोक हिलेच्या ओळखीचे होते. ती जिथे नोकरीला होती त्या वेस्टरहोफ ग्रंथालयातल्या याच ग्रंथाच्या प्रतीचे वर्णन तिने स्वतः तिशीत असताना लिहिले होते: ‘पृष्ठ २१२ ते २६० : खालच्या समासात कसरीचे भोक, उत्तरोत्तर लहान होत गेलेले.’ त्या वाक्याचा तिला तेव्हा अभिमानही वाटला होता. पुढे, आजपासून एकोणीस वर्षांमागे, त्या प्रतीतून हीच नऊ चित्रे नाहीशी झाली, आणि वाचनकक्षातला सेवक एल्को बाउमा याला त्यापायी घरी बसवण्यात आले.

वडिलांच्या घरातल्या या ग्रंथाला सगळे ‘वैद्यबुवा’ म्हणत. व्यापारी जहाजावरचा एक शल्यवैद्य आफ्रिकेच्या टोकापासून जपानपर्यंत जाऊन आला आणि १६८२ साली ॲम्स्टरडॅममध्ये त्याने आपले प्रवासवर्णन छापले. जिथे गेला तिथले थोडे, जिथे गेला नाही तिथले भरपूर. चित्रे कोरणाऱ्याने तर ॲम्स्टरडॅमची वेससुद्धा ओलांडलेली नव्हती. छत्तिसाव्या चित्रात वेंगुर्ल्याचे बंदर होते आणि माडांमागे डच पद्धतीची पायऱ्या-पायऱ्यांची छपरे उभी होती. या छपरांसाठी लोडेवाइक हाव्हरकाटे, म्हणजे हिलेचे वडील, जीव टाकीत.

तिने मागचा पुठ्ठा उघडला. आतल्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, काहीच नव्हते. घरातल्या बाकीच्या तीनशे एकोणचाळीस सचित्र प्रवासग्रंथांपैकी प्रत्येकाच्या त्या कोपऱ्यात हिलेच्या आईने, नऊ वर्षांपूर्वी वारलेल्या आलेटाने, पान न् पान मोजून पेन्सिलीने लिहिलेले होते: ‘सर्व आहे. आ. हा.’ त्या खुणेवर हे घर इतके विसंबून होते की आईने मोजलेले पुस्तक पुन्हा कुणी मोजत नसे. मोजणे हा तिचा अपमान ठरला असता. वैद्यबुवांवर तेवढी ती खूण नव्हती. तेव्हा तिचे डोळे गेले होते, असे वडील सांगत.

आज, शनिवारी, बारा वाजता नोटरी यायचा होता. सगळा संग्रह शहराच्या संग्रहालयाला दान होणार होता, दालनाला आलेटाचे नाव लागणार होते, आणि दानपत्राला हिलेची सही हवी होती: वेस्टरहोफच्या जुन्या ग्रंथांच्या विभागाची प्रमुख या नात्याने, सर्व ग्रंथ पूर्ण व निर्दोष मालकीचे असल्याबद्दल. तीनशे एकोणचाळीसांची जबाबदारी आईने आधीच घेतलेली होती. उरलेला एक तेवढा रीत म्हणून मोजावा, यासाठी ती सकाळी नऊला वर आली होती.

तिने ग्रंथ छातीशी धरला आणि जिना उतरली.

खाली कॉफी सुरू झाली होती. मोठ्या टेबलाच्या टोकाला शहाऐंशी वर्षांचे वडील ताठ बसले होते. त्यांच्या उजवीकडे हिलेचा धाकटा भाऊ सीब्रेन, जो नगरसभेचा सभासद होता आणि ज्याने या दालनाची घोषणा महिन्यापूर्वीच वर्तमानपत्रात करून टाकली होती. समोर त्याची बायको फेमके कॉफी ओतत होती. शेगडीजवळच्या खुर्चीत वेंडेला मावशी, आईची धाकटी बहीण, मोज्याची टाच विणत होती.

“आली बघा,” सीब्रेन म्हणाला. “काय गं, वैद्यबुवांची नाडी लागते ना अजून?”

“बसा, वन्सं,” फेमके म्हणाली आणि बिस्किटांचा डबा पुढे केला. “एकच घ्या हं. दुसरं मागितलं की या घरात लोभी म्हणतात. मला विचारा.”

“तुला बिस्किटावरून नाही म्हणत कुणी,” सीब्रेन म्हणाला.

“नाही, पुस्तकांवरून म्हणतात. माझ्या पोरींना आजोबांचं एखादं पुस्तक मिळावं असं सव्वीस वर्षांत एकदा बोलले, तर तेवढ्यावर लोभी झाले.”

“पुस्तक खाली कशाला आणलंस?” वडील म्हणाले. “शेगडीनं कागद वाळतो.”

हिले बसली नाही. ग्रंथ तिने टेबलावर ठेवला आणि कॉफीचा पेला त्याच्यापासून हातभर दूर सरकवला. हा सरकवण्याचा संस्कार इतका खोल होता की भूकंपातही तिने तो पाळला असता.

“पपा, अँटवर्पच्या त्या दुकानदाराचं नाव काय होतं?”

वडिलांच्या प्रतीत पूर्वी ही नऊ चित्रे नव्हती, हे सर्वांना ठाऊक होते. तेरा वर्षांपूर्वी त्यांनी जाहीर केले होते की अँटवर्पला एक मोडकी प्रत मिळाली आणि तिच्यातून आपली पुरी केली. त्याच्याही आधी, वेस्टरहोफच्या चोरीनंतर वर्षभराने, त्यांनी संग्राहकांच्या त्रैमासिकात एक लेख लिहिला होता: या ग्रंथाच्या अनेक प्रतींत नेमकी हीच नऊ चित्रे नसतात, कारण बंदरांची चित्रे चौकटीत लावायला विकली जातात. दोन प्रतींत तीच नऊ कमी कशी, हा प्रश्न कुणी विचारण्यापूर्वीच त्याचे उत्तर छापून तयार होते. आणि हिलेने, वेस्टरहोफच्या नव्या सूचीत, त्या लेखाचा तळटीपेत आधार घेतला होता.

“नाव आठवत नाही,” वडील म्हणाले.

“तुम्हाला? एकसष्ट साली घेतलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर किती डाग होते ते तुम्ही सांगता.”

“तेव्हा मी तरुण होतो.”

“ही नऊ चित्रं अँटवर्पची नाहीत. सगळ्यांत कसरीचं भोक आहे, बुजवलेलं. मजकुराच्या पानांत नाही. ते भोक मी ओळखते, पपा. मी त्याचं वर्णन लिहिलंय.”

“कागदाला भोकं पडतातच,” सीब्रेन हसत म्हणाला. “आमच्या नगरसभेच्या ठरावांना बघ. अगं, नोटरी येतोय, आणि तू किड्यांची वंशावळ काय काढत बसलीस?”

“तिला कळलंय, सीब्रेन,” वडील म्हणाले. “विनोद पुरे.”

त्यांनी पेला बशीत ठेवला. जराही आवाज झाला नाही.

“लोकरीचा धागा,” ते म्हणाले. “वीत-दीड वीत लांब. तोंडात धरायचा. चांगला भिजला की चित्राच्या मुळाशी, शिवणीत ठेवायचा आणि पुस्तक मिटायचं. पंधरा मिनिटांत कागद मऊ होतो. मग हलक्या हातानं ओढलं की निघतो. सुरी मी लावली नाही. सुरी खाटकानं लावावी.”

सुया थांबल्या. फेमकेच्या हातातली किटली तशीच अधांतरी राहिली आणि तिच्या तोटीतून एक थेंब टेबलावर पडला. तो पुसावा असे एकाही हाव्हरकाटेला सुचले नाही, यावरून त्या क्षणाची कल्पना यावी. वडिलांच्या आवाजात कबुली नव्हती. एखादी कृती तज्ज्ञांच्या सभेत समजावून सांगावी तसे ते बोलले होते. याच माणसाने तिसाव्या वर्षी ‘कात्रीवाले’ नावाची साठ पानांची पुस्तिका लिहून चित्रांसाठी ग्रंथ फाडणाऱ्या दुकानदारांना उघडे पाडले होते, आणि ती पुस्तिका हिलेच्या हाताखालच्या प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी वाचायला देण्यात येत असे.

“केव्हा?” हिलेने विचारले. तिला उत्तर ठाऊक होते.

“मंगळवारी. दर मंगळवारी एक. नऊ मंगळवार.”

त्या वर्षी मंगळवारी ते तिच्याबरोबर वेस्टरहोफला येत. ती त्यांना खिडकीजवळची जागा देई. तिथे बसले की ते एक शब्द बोलत नसत. काही विचारले तर नुसती मान हलवत. पुढे त्यांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथात हिलेने त्यावर एक परिच्छेद लिहिला होता, ‘माझे वडील ग्रंथापुढे मौन पाळतात.’ समारंभात तो मोठ्याने वाचला गेला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तोंडात लोकरीचा धागा भिजत असल्यावर मौन पाळणे भागच असते.

तिने खुर्चीची पाठ धरली.

“पपा, थट्टा करताय का?” सीब्रेनचा आवाज पोरासारखा झाला होता.

“मी थट्टा करत नाही. तुझी आई करायची.” ते हिलेकडे वळले. “त्या प्रतीला चाळीस वर्षांत किती जणांनी हात लावला? तूच मोज. चार. चौथा तर चुकून आला होता, त्याला पंचांग हवं होतं. मी वैद्यबुवांना रोज बघतो. मी पुस्तक फोडलं नाही, हिले. पुरं केलं.”

“दुसरं फोडून.”

“ते आधीच किडलेलं होतं.”

“आणि एल्को बाउमा?”

“त्याला काढा असं मी कधीच म्हणालो नाही.”

“तुम्ही चौकशी समितीत होतात!” हिले ओरडली. “ग्रंथालयानं तुम्हाला जाणकार म्हणून बोलावलं होतं! आम्हीच चोराला पत्र पाठवलं, प्रवासखर्च देतो, चोर शोधून द्या म्हणून!”

“मी समितीत एकच वाक्य बोललो. हे काम पुस्तकं हाताळायची सवय असलेल्या माणसाचं आहे, असं म्हणालो. त्यात खोटं काय होतं?”

हिलेने आयुष्यभर खोट्याचा अभ्यास केला होता. नसलेल्या बेटांचे नकाशे, न पाहिलेल्या शहरांची वर्णने, कोरणाऱ्याने घरबसल्या रचलेली बंदरे. इतके शुद्ध, इतके निर्दोष खरे वाक्य तिने कुठल्याही शतकात वाचले नव्हते.

“बाउमा म्हणजे,” फेमके हळूच म्हणाली, “शनिवारच्या बाजारात मासे तळतो तो?”

हिलेने मान डोलावली. फेमके तिच्याकडे वळली.

“मी दर शनिवारी त्याच्याकडून घेते. एकदा त्यानं विचारलं होतं, तुमची नणंद बरी आहे ना. मी म्हटलं, तुम्ही ओळखता? तर म्हणाला, ‘एकत्र काम केलंय.’ बस, एवढंच. वर मला एक तुकडा जास्त दिला.”

हिले बाजाराच्या दिवशी चर्चच्या मागून लांबच्या रस्त्याने जाई. हे तिने आजवर कुणाला सांगितले नव्हते.

“आता ऐका,” वडील म्हणाले. “बाउमाचंच नाव का पुढं आलं, हे हिलेला माझ्यापेक्षा जास्त चांगलं ठाऊक आहे. सांग ना यांना. चिठ्ठीचं सांग.”

“कसली चिठ्ठी?” सीब्रेनने विचारले.

हिले बोलू लागली. आवाज तिला स्वतःलाच दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

“आमच्याकडे चिठ्ठीशिवाय पुस्तक टेबलावर जात नाही. वाचकानं नाव, पत्ता लिहायचा, सही करायची. राजा आला तरी. पपांना मी कधी लिहायला लावली नाही. वडिलांना काय पत्ता विचारायचा? मी स्वतःच पुस्तक नेऊन द्यायचे.”

“मग?”

“मग त्या वर्षाच्या चिठ्ठ्या काढल्या तेव्हा वैद्यबुवा कुणी मागितल्याची नोंदच नव्हती. म्हणजे कोठीत जाणाऱ्याचंच काम. कोठीच्या किल्ल्या दोघांकडे. माझ्याकडे आणि एल्कोकडे. समितीनं मला विचारलं, चिठ्ठीविना कुणाला पुस्तक दिलं होतं का? मी नाही म्हणाले.”

“तुला तेव्हाच संशय होता?” सीब्रेन म्हणाला.

“नाही रे! पपांचा? छे. मला वाटलं, नियम मोडला म्हणून बोलणी बसतील. बढतीचं वर्ष होतं. एवढंच. एवढ्यासाठीच.”

या ‘एवढ्यासाठी’चा ढिगारा खोलीच्या मधोमध येऊन पडला. वडिलांनी तो नीट दिसू दिला, आणि मग म्हणाले:

“तेव्हा, बाळ, तू तोंड उघडलंस तर पहिला प्रश्न मला विचारणार नाहीत. मी शहाऐंशीचा आहे, माझं काय करतील? तुला विचारतील. पुस्तक कुणी आणून दिलं? समितीपुढं खोटं कोण बोललं? तुझी सात वर्षं राहिलीत. विभाग जाईल, पेन्शन जाईल, नाव जाईल. बारा वाजता सही कर. चित्रं संग्रहालयात जातील. झालं.”

“बरोबर आहे,” सीब्रेन एकदम म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला होता. वाट दिसली की त्याला नेहमी हुशारी येई. “हिले, नीट विचार कर. चित्रं शेवटी लोकांचीच होतायत की नाही? वेस्टरहोफपासून संग्रहालय कितीसं लांब? पूल ओलांडला की आलं. कुणाचं नुकसान?”

“एल्कोचं.”

“त्याचं जे व्हायचं ते होऊन गेलं. त्याचा धंदा बरा चाललाय. हवं तर आपण...”

“हवं तर काय?” फेमकेने किटली आपटली. “दर शनिवारी दोन तुकडे जास्त घेऊ या का त्याच्याकडून? अरे, लाज कशी वाटत नाही! मला पोरींसाठी एक पुस्तक हवं होतं तर सगळ्यांनी मिळून लोभी ठरवलंत मला. आणि हे?”

“तू मध्ये पडू नकोस. हा हाव्हरकाटेंचा प्रश्न आहे.”

“हो ना. मग या हाव्हरकाटेंचे मासे यापुढं तूच आण.”

“आलेटासाठी तरी गप्प बसा,” वडील म्हणाले. आवाजात प्रथमच थोडी घाई होती. “तिच्या नावाचं दालन आहे. तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला डागाळू नका.”

शेगडीजवळून वेंडेला मावशी बोलली. ती सहसा बोलत नसे, म्हणून सगळेच वळले.

“काही माहीत नव्हतं, लोडेवाइक?”

“तिचे डोळे गेले होते तेव्हा.”

“डोळे?” मावशीने विणकाम मांडीवर ठेवले. “मरायच्या आदल्या आठवड्यात ती माझ्यासमोर सुईत दोरा ओवत होती. काळ्या कापडावर काळा. डोळे गेले हे तू म्हणायचास. तिनं कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.”

“तिनं मोजणं सोडलं होतं.”

“सोडलं होतं ना. कधीपासून ते मला विचार. तू म्हणालास, अँटवर्पहून चित्रं आली, बसवून झाली, आता मोज. मी तेव्हा इथंच होते, पाय मोडला होता म्हणून राहायला. ती या टेबलावर बसली. एकतिसाव्यापर्यंत आली असेल. उजेडाकडं धरलं. मग पुढची सगळी एकेक करून धरली. मग उठली, नळाखाली हात धुतले, साबण लावून, दोनदा. मी म्हटलं, काय गं, कमी भरली का? तर म्हणाली, ‘नाही. मोजणी बरोबर आली.’” मावशीने विणकाम पुन्हा हाती घेतले. “मला काही कळलं नाही. तेरा वर्षं मला वाटत होतं, ती दमली असेल.”

वडिलांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहायला हिले तयार नव्हती. ते पश्चात्तापाचे नव्हते. तेवढा उदारपणा या प्रसंगाने दाखवला नाही. चांगल्या ठेवलेल्या, पाठ असलेल्या एखाद्या ग्रंथात आपण कधीच न पाहिलेले पान सापडावे, तसा तो माणूस आपल्या बायकोकडे नऊ वर्षे उशिरा पाहत होता.

“ती बोलली नाही,” ते म्हणाले. “पुढं चार वर्षं माझ्यासमोर जेवत होती. एक शब्द बोलली नाही.”

“तिनं खूण केली नाही,” मावशी म्हणाली. “तेच तुला वाचता आलं नाही.”

दारावरची घंटा वाजली. बाराला दहा कमी होते; नोटरी लोक लवकर येतात. सीब्रेन उठला, सवयीने त्याने कोटाचे बटण लावले, आणि हिलेसमोर दानपत्राची प्रत सरकवली. वर पेनही ठेवले.

“हिले,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “मी त्याला बाहेर पाच मिनिटं बोलण्यात गुंतवतो. आईसाठी.”

“आईचं नाव घेऊन पुन्हा बोललास तर मी ओरडेन.”

हिलेने दानपत्र वाचले. ‘सर्व ग्रंथ पूर्ण असून निर्दोष मालकीचे आहेत.’ तिला एकाएकी फार हसू येऊ लागले, आणि हसू येतेय याची भीती वाटली. या घराने पूर्णतेची पूजा केली होती, तीन पिढ्या. अपूर्ण प्रत पाहिली की तिचे आजोबासुद्धा नाक मुरडत. आणि पूर्ण या शब्दाइतका किळसवाणा शब्द तिला आत्ता सुचत नव्हता. तिने पेन उचलले, वाक्यावर एकच आडवी रेघ ओढली आणि कागद वडिलांच्या पुढ्यात ठेवला.

“फेमके, एल्कोचा नंबर आहे तुझ्याकडं?”

“आहे. नाताळची ऑर्डर मी फोनवर देते.”

“फेमके!” सीब्रेन दारातून म्हणाला.

फेमकेने फोन शोधला, नंबर लावला आणि हिलेच्या हातात दिला. सव्वीस वर्षांत या दोघी प्रथमच एका बाजूला उभ्या होत्या, आणि दोघींनाही ते अवघड वाटत होते.

“तू हे करणार नाहीस,” वडील म्हणाले. त्यांनी दोन्ही हात वैद्यबुवांवर ठेवले होते. “तुझंही सगळं जाईल. मी तुला चांगला ओळखतो.”

फोन पलीकडे वाजत होता. खरे तर तिलाही तसेच वाटत होते; की आता कुणी उचलणार नाही, की आपण ठेवून देऊ, की लांबच्या रस्त्याने घरी जाऊ.

“बाउमा,” एका बाईचा आवाज आला, एल्कोच्या बायकोचा असावा. मागे तेलाचा चुरचुराट आणि बाजाराचा गलका.

“मी हिले हाव्हरकाटे. वेस्टरहोफमधून. म्हणजे, घरून बोलतेय.”

पलीकडे गल्ल्यात नाणी पडली.

“मला एल्कोशी बोलायचं होतं.”

“तो कढईवर आहे,” बाई म्हणाली. “आधी मला सांगा. त्या वेळेस दोन वर्षं तो फोन वाजला की थरथरायचा. तेव्हापासून फोन मी घेते. मला ठीक वाटलं तर त्याला देते.”

हिलेने आयुष्यात हजारो वाक्ये रचली होती. उपवाक्यांची, सावध, चारी बाजूंनी बंदोबस्त केलेली. त्यांतले एकही आता कामाचे नव्हते. वडील तिच्याकडे पाहत होते. सीब्रेन अजून दारातच होता आणि त्याच्या मागे, त्याने नुकत्याच उघडलेल्या दरवाज्यात, ओली छत्री मिटत नोटरी उभा होता.

“चित्रं माझ्या वडिलांनी चोरली,” ती म्हणाली. “चिठ्ठीविना पुस्तक मी दिलं होतं त्यांना. समितीनं विचारलं तेव्हा मी नाही म्हणाले. एल्कोनं काही केलं नव्हतं.”

नोटरीची छत्री अर्धवट मिटलेली राहिली.

पलीकडे कुणी गिऱ्हाईक काहीतरी मागत होते. “थांबा हो जरा,” बाई त्याला म्हणाली. हिलेला वाटले, आता ती रडेल. पण आवाज आला तो कोरडा होता.

“आज कळलं तुम्हाला?”

“वडिलांचं आज कळलं. माझं पहिल्यापासून ठाऊक होतं.”

“हं.” पुन्हा तेल. “त्याच्याजवळ देते. हेच सांगायचं, याच शब्दांत. तोंडी लावायला माफीबिफी काही नको. शब्द फिरवलेत तर मी शेजारीच उभी आहे.” आणि मग, फोन बाजूला धरून, मोठ्याने: “एल्को! गॅस बंद कर. ये इकडं.”

चुरचुराट हळूहळू थांबला. फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचे ऐकू आले, मग श्वास.

“बोला,” बाउमा म्हणाला.

हिले पहिल्या शब्दापासून पुन्हा सांगू लागली.